डायमंड आभासी, फसवणूक खरी

क्रांती चौकात संध्याकाळी क्लास सुटले की मुलांचे घोळके रेंगाळतात आणि चार डोकी एकाच मोबाइलवर झुकतात. बोलणं असतं ‘डायमंड’चं किंवा ‘यूसी’चं. फ्री फायर मॅक्समधलं चलन डायमंड, बीजीएमआयमधलं यूसी. दोन्ही खऱ्या रुपयांत घ्यावी लागतात आणि त्यांतून पात्राचे कपडे, बंदुकीचे रंग मिळतात. मोठ्यांना हा पोरखेळ वाटतो. पण या पोरखेळात आईच्या खात्यातले पैसे जाऊ शकतात आणि मूल ते कुणालाच सांगत नाही.

फसवणुकीचे मार्ग ठरलेले आहेत. इन्स्टाग्राम किंवा टेलिग्रामवर कुणीतरी अर्ध्या किमतीत चलन देऊ करतो. पहिल्यांदा पन्नास रुपयांचं खरंच देतो. विश्वास बसला की दोन हजार आगाऊ घेतो आणि नंबर ब्लॉक करतो. दुसरा ‘फुकट डायमंड’ची लिंक पाठवून पासवर्ड आणि ओटीपी काढून घेतो. तिसरा गेमचा आयडी विकतो आणि पैसे मिळताच जुन्या ई-मेलवरून तोच आयडी परत ताब्यात घेतो. बहुतेक गेमच्या अटींत खेळाडूंनी आपसात चलन किंवा आयडी विकायला मनाई असते. त्यामुळे फसलेल्याला कंपनीकडे दाद मागणं अवघड जातं. उलट त्याचाच आयडी बंद होऊ शकतो.

मूल यात अडकतं ते हावरट असतं म्हणून नव्हे. परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. ‘ऑफर फक्त दहा मिनिटं’ ही घाई नेमकी त्याच कच्च्या जागी बसते. शिवाय रुपयांचे डायमंड झाले की खर्च टोचत नाही. जत्रेत कुपनं घेतली की मोठ्यांचाही हात असाच सैल सुटतो.

तरीही घरात पहिला शब्द निघतो तो ‘व्यसन’. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे खरा. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसूनही न थांबणं आणि हे साधारण बारा महिने चालणं, अशी लक्षणं दिसावी लागतात. एकदा पैसे गमावलेलं मूल आजारी नसतं, फसलेलं असतं. या दोन गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत.

चोराला सर्वांत मोठी मदत होते ती घरातल्या धाकाची. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवले जातात. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच तक्रार झाली, तर ते मध्येच गोठवता येण्याची शक्यता असते. मार खावा लागेल म्हणून मुलाने तीन दिवस दडवलं, तर ती शक्यता जवळपास संपते. त्या तीन दिवसांत त्याची झोप उडते, जेवण तुटतं. हरवलेली रक्कम भरून काढायला ते आणखी एका ‘स्वस्त’ ऑफरच्या मागे जातं, हा धोका वेगळाच.

‘ओरडलंच नाही तर शिस्त कशी लागणार?’ हा प्रश्न रास्त आहे. पण शिस्तीचं बोलणं दुसऱ्या दिवशीही करता येतं, १९३० ला फोन मात्र त्याच तासात करावा लागतो. ‘काही गडबड झाली तर आधी सांग, हिशोब नंतर करू’ हा शब्द घराने मुलाला आधीच द्यायला हवा आणि वेळ आल्यावर पाळायलाही हवा.

बाकी नियम मोजके आहेत. चलन फक्त गेममधूनच किंवा अधिकृत दुकानातूनच घ्यावं. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. ओटीपी मित्रालाही देऊ नये. पालकांचं मुख्य खातं मुलाच्या हातातल्या मोबाइलला जोडू नये. तक्रारीसाठी चॅटचे स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवावेत. मूल गप्प गप्प राहू लागलं, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

गेलेले दोन हजार कदाचित परत येणार नाहीत. पण ते गेल्याचं मुलाने त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, तर पुढचे वीस हजार वाचू शकतात.