घाटांतली शर्यत आणि शेवटची मुलगी

आमच्या शाळेची घाटांतली शर्यत यंदाही सप्टेंबरांत पार पडली. शाळेच्या फाटकांतून निघून यवतेश्वराच्या घाटांत शिरावयाचें, ठरलेल्या वळणावर मांडलेल्या टेबलास वळसा घालावयाचा, आणि आल्या वाटेनें परतावयाचें. सारें मिळून पांच किलोमीटरांच्या आंतबाहेर. शर्यतीनंतर कांहीं पालकांनीं आमची भेट घेऊन दोन सूचना केल्या. एक, ही शर्यत घाटांत न ठेवतां मैदानावर ठेवावी. दुसरी, पाऊण तासाची मर्यादा घालून मागें राहिलेल्यांस थांबवावें. सूचना सद्भावनेच्या आहेत, यांत शंका नाहीं. तथापि दोन्ही आम्हांस मान्य नाहींत. तें कां, हें सांगण्याआधीं आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे.

त्या दिवशीं घड्याळ आमच्या हातीं होतें. साठांवर मुलेंमुली धावलीं. पहिला मुलगा आला तेव्हां टाळ्यांचा कडकडाट झाला, पुढें टाळ्या विरळ होत गेल्या. पाऊस भुरभुरूं लागला, बक्षीससमारंभाची वेळ झाली, आणि “आतां कोणी उरलें नसेल” असें म्हणून आम्हीं घड्याळ बंद केलें व वहींत खालीं रेघ ओढली. बिल्ले मोजले नाहींत. वळणावरच्या शिक्षकांस मोटारसायकलवरून लवकर खालीं बोलावून घेणारेही आम्हीच.

सभागृहांत तिसरें बक्षीस दिलें जात असतां आठवीची एक विद्यार्थिनी भिजलेल्या बुटांनिशीं दारांत येऊन उभी राहिली. तिच्या पोटऱ्यांत गोळे आल्यामुळें अर्धा चढ ती चालत गेली होती. परंतु टेबलाला वळसा घातल्यावांचून ती परतली नव्हती. उतरतांना घाटांत आमच्यापैकीं कोणीही नव्हतें. कासच्या फुलांचे दिवस, रस्त्यावर मोटारींची रीघ, आणि कडेनें एकटी मुलगी! ती फाटकाशीं पोहोंचली तेव्हां फक्कीची रेघ पावसानें पुसट झाली होती, आणि शिपाईमामा टेबल आंत नेत होते. समारंभ आटोपल्यावर तिनें जवळ येऊन एवढेंच विचारलें, “सर, माझी वेळ किती झाली?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

आतां पहिली सूचना. मैदानावर शर्यत घेणें सोपें, हें आम्ही जाणतों. पण मैदानावरचीं बक्षिसें वर्षानुवर्षें त्याच चारपांच मुलांच्या घरीं जातात. घाटांत मात्र वरच्या वाड्यांवरून रोज पायीं शाळेस येणारीं मुलें पुढें येतात, ज्यांचें नांव एरवीं हजेरीपलीकडे कोणी घेत नाहीं. चढावर प्रत्येक पावलास आपलाच भार वर उचलावा लागतो. तेथें पहिल्या दमांत उधळणारा दुसऱ्या वळणावर कंबरेवर हात ठेवून उभा राहतो, आणि आंखूड पावलें टाकीत संथपणें येणारा त्यास मागें टाकतो. पुष्कळांची समजूत अशी कीं, चढावर गमावलेला वेळ उतारावर भरून निघतो. तसें होत नाहीं. चढ आणि उतार लांबीनें सारखे असले तरी चढावर आपण अधिक वेळ घालवितों, म्हणून तेथला तोटा मोठा असतो. शिवाय उतार कांहीं फुकटचा नव्हे. उतरतांना मांडीचे स्नायू ताणले जात असतां त्याच वेळीं भारही पेलतात. दुसऱ्या दिवशीं जिना उतरतांना मुलें भिंतीस धरतात, तें यामुळेंच. (दोघेतिघे सोमवारीं वरच्या मजल्यावरील वर्गास उशीरा आले; त्यांस आम्हीं क्षमा केली.)

अशा रस्त्यावर पहिल्या व शेवटल्या धावकांतलें अंतर सपाटीपेक्षां मोठें पडावयाचेंच. म्हणजे घाट निवडला कीं वाट पाहणेंही पत्करलें.

दुसऱ्या सूचनेंत अधिक तथ्य आहे. याच घाटांतून २०१२ सालापासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन होऊं लागली. हजारो धावक सार्वजनिक रस्त्यावर उतरतात तेथें रस्ता केव्हां तरी मोकळा करावाच लागतो. दक्षिण आफ्रिकेंतील कॉम्रेड्स मॅरेथॉन ही डोंगराळ रस्त्यावरची सुमारें नव्वद किलोमीटरांची शर्यत. मर्यादा संपतांच तेथें पिस्तुल झाडतात, आणि झाडणारा धावकांकडे पाठ करून उभा असतो. समोर पाहिलें तर बोट आवरेल, हें त्यांनीं ओळखलें असावें. पण हीच शर्यत १९२१ सालीं सुरू झाली तेव्हां निघाले ३४ आणि पोहोंचले १६. साठ मुलांच्या शर्यतीनें आजच्या मोठ्या शर्यतीचे नियम उसने कां घ्यावे? वाहनांसाठीं रस्ता लवकर मोकळा करावयाचा तर करावा, मागच्यांस कडेनें यावयास सांगावें, त्यांच्यासोबत एक शिक्षक चालावा. घड्याळ मात्र चालूं असावें.

१९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्यें जपानचा शिझो कनाकुरी उष्म्यानें गळून मॅरेथॉनमधून बाहेर पडला, आणि कोणास न कळवितां मायदेशीं परतला. तेथल्या लोकांच्या लेखीं तो बेपत्ताच. पुढें १९६७ सालीं स्वीडनच्या लोकांनीं त्यास बोलावून ती शर्यत पुरी करविली, आणि वेळ जाहीर केली: ५४ वर्षें, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटें व २० सेकंदांहून किंचित् अधिक. यांत विनोद आहे हें खरें. पण एका माणसाची वेळ आपल्या वहींत लिहावयाची राहिली आहे, ही गोष्ट इतक्या वर्षांनींही कोणास तरी टोंचली, हेंही खरें. आम्हांस तर ती पाऊण तासांत विसर पडली.

शर्यतीचा निकाल फलकावर लागला आहे. आठवीच्या त्या विद्यार्थिनीच्या नांवापुढें वेळेचा रकाना कोरा आहे. अंदाजानें आंकडा भरावा असें एका सहकाऱ्यांनीं सुचविलें होतें. तिला विचारतां ती नको म्हणाली. पुढल्या वर्षीं निघतांना व परततांना बिल्ले मोजले जातील, आणि शेवटल्या मुलामागून एक शिक्षक पायीं येईल. फाटकाशीं घड्याळ धरून पावसांत उभें राहण्यास दोन पालक हवे आहेत. ज्यांची तयारी असेल त्यांनीं कचेरींत नांव द्यावें; छत्री शाळा देईल.