गोळ्या बारा महिन्यांच्या, मदत एका महिन्याची

तोच कपडा, नुसती छाप बदलली की मीटरमागे भाव चढतो, हे आपल्या धंद्यात काम शिकणारे पोरही जाणते. मग औषधाच्या दुकानात आपण मुकाट्याने छापाचे पैसे का मोजतो?

माझ्या दुकानाचे काम करणाऱ्या एका शिंप्याला शुगर आणि बीपी दोन्ही आहे. लग्नसराई संपली की त्याच्या गोळ्या बंद. विचारले तर म्हणाला, "शेठ, आता बरे वाटते." बरे कसले, खिसा रिकामा होता! डॉक्टरांना विचारून त्याला जनऔषधी दुकानात पाठवले. २००८ साली सरकारने सुरू केलेल्या या योजनेत मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिनसारख्या गोळ्या मूळ नावाने आणि पुष्कळ स्वस्त मिळतात.

स्वस्त म्हणजे हलका माल, असे आपले लोक म्हणतात. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत १९३५ साली काढलेल्या सिप्लाने २००१ साली एड्सची औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा बड्या कंपन्यांचा भाव दहा हजारांच्या पुढे होता. हा काय हलका माल होता?

रमजानमध्ये जकात काढून आपण मोकळे होतो. रोख रक्कम घरभाड्यात, पोरांच्या फीमध्ये जाते, त्यात गरिबाचा कसूर नाही. त्यापेक्षा हकदार मरीजाचे वर्षभराचे खाते औषधवाल्याकडे लावून द्यावे. जकातीचा मसला मौलानांना विचारून घ्यावा. माझ्या शिंप्याच्या गोळ्या मात्र मी जकातीत धरत नाही. दुकानाच्या वहीत विजेच्या बिलाखाली तो खर्च दरमहा लिहितो.