मोर्चा न्यायचा कुणाच्या दारात?



सत्तरच्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा माल दडवणारा साठेबाज आपल्याच शहरातला होता. त्याच्या दारात जाऊन बसता येत होतं. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. भाव हलतो तो क्वालालंपूरच्या वायदेबाजारावर आणि दिल्लीच्या आयातशुल्कावर.

१४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेलं. शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून, असं सांगितलं. तेलाची पिशवी लगेच महागली. सोयाबीन मात्र त्या हंगामात लातूरच्या बाजारात ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. असं का? सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम १८ ते २० टक्के. बाकी बहुतेक पेंड, आणि पेंडीला जगाच्या बाजारात उठाव नव्हता. म्हणजे शुल्काचा भुर्दंड स्वयंपाकघरात पोचला, शेतात काहीच पोचलं नाही. पुढे मे २०२५ अखेर तेच शुल्क १६.५ टक्क्यांवर उतरवलं, ऐन पेरणीच्या तोंडावर!

'ग्राहक विरुद्ध शेतकरी' असं भांडण वर्तमानपत्रं रंगवतात तेव्हा मला हसू येतं आणि रागही येतो. दिवसभर सोयाबीन खुरपणारी आणि संध्याकाळी दुकानातून पावकिलो तेल आणणारी बाई एकच असते.

हे आपल्यापुरतंच नाही. आपलं पामतेल जिथून येतं तिकडे पाहा. इंडोनेशिया जगात सर्वांत जास्त पामतेल काढतो, तरी २०२२ च्या सुरुवातीला तिथल्या बायका तेलासाठी रांगेत उभ्या होत्या. मळ्यांवर फवारणी करणाऱ्या, खत टाकणाऱ्या कितीतरी बायका, त्याही रोजंदारीवर. २८ एप्रिलला सरकारने निर्यात बंद केली, २३ मेला पुन्हा सुरू केली. मधल्या काळात छोट्या बागायतदारांच्या फळांचे भाव कोसळले.

आपल्याकडे हमीभावाचं खरेदी केंद्र हा एक दरवाजा उरतो. तिथे नोंदणीला सातबारा लागतो, त्यावर पीकपेरा लागतो. पेरणी, खुरपणी, काढणी बाईची. सातबारा नवऱ्याचा, सासऱ्याचा, नाहीतर दिराचा. नवऱ्याने आत्महत्या केलेल्या कितीजणींची नावं अजून फेरफारात अडकली आहेत. त्यांचा माल व्यापारी म्हणेल त्या भावाने जातो. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली त्याला तीन दशकं होऊन गेली.

म्हणून माझी गटांना विनंती आहे. येत्या हंगामात आपापल्या तालुक्याच्या केंद्रावर दोघीतिघींनी जा. नोंदणीत बायकांची नावं किती, ओलावा १२ टक्क्यांवर म्हणून कुणाचा माल परत पाठवला, पैसे कुणाच्या खात्यात जमा झाले, ते लिहून आणा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.