वादळाला तारीख ठाऊक नसते

आपण माणसे सोयीसाठी वर्षाचे भाग पाडतो. हा उन्हाळा, हा पावसाळा, हा हिवाळा. अमुक तारखेला शाळा सुरू, तमुक तारखेपासून सुट्टी. त्यात गैर काही नाही. तारखा नसत्या तर कोणतेच काम वेळेवर झाले नसते. परंतु आपण ठरवलेल्या तारखा निसर्गही पाळील असे मानून गाफील राहिलो, तर मोठी फसगत होते. ही फसगत किती महाग पडते, हे अटलांटिक महासागराच्या बाजूला येणाऱ्या वादळांवरून कळते.

अटलांटिक महासागर, कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचे आखात या भागांत उठणाऱ्या जोरदार चक्रीवादळाला ‘हरिकेन’ म्हणतात. वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटर झाला, की वादळ हरिकेन ठरते. वेगाप्रमाणे हरिकेनच्या पाच श्रेणी केलेल्या आहेत. तिसऱ्या श्रेणीपासून पुढची, म्हणजे ताशी १७८ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाची हरिकेन ‘मोठी’ मानली जातात. अशा वाऱ्यापुढे छपरे उडतात, झाडे मुळासकट उपटतात आणि समुद्राचे पाणी गावात शिरते.

या वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा ठरलेला आहे. सप्टेंबर महिन्यात त्यांचा जोर सर्वांत अधिक असतो. ऑक्टोबर सरत आला, की मोठे हरिकेन जमिनीवर आदळण्याचे प्रसंग फार थोडे. लोकांना हायसे वाटते. पण हंगामाची ही तारीखही माणसानेच ठरवलेली आहे. १९६५ पूर्वी हा हंगाम १५ नोव्हेंबरलाच संपला असे मानत असत. तारीख पुढे सरकली ती कागदावर; समुद्राला त्याची खबर नव्हती.

मग इतक्या उशिरा मोठे वादळ येते तरी कसे? समुद्राला तापायला वेळ लागतो, तसा निवायलाही लागतो. चुलीवरून उतरवलेले मोठे पातेले बराच वेळ गरम राहते, तसेच हे. दिवस लहान होतात, हवेत गारवा येतो. पण कॅरिबियन समुद्राच्या पश्चिम भागातले पाणी नोव्हेंबरमध्येही उबदार असते. ही ऊब खोलवर असते. त्यामुळे वादळाने पाणी घुसळले तरी खालचे थंड पाणी लवकर वर येत नाही. वादळाला बळ मिळते ते या उबदार पाण्याच्या वाफेतून. एरवी या दिवसांत आकाशाच्या वरच्या थरांतले जोराचे वारे वादळाची घडी विस्कटून टाकतात. एखाद्या वेळी हे वारे मंद असले, की वादळाला अडवणारे कोणी उरत नाही.

क्युबा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर सांता क्रूझ देल सुर नावाचे गाव आहे. ९ नोव्हेंबर १९३२ रोजी एक भयंकर हरिकेन या गावावर आदळले. समुद्राचे पाणी सुमारे साडेसहा मीटर उंच चढले आणि गाव जवळजवळ पुसले गेले. त्या वादळात तीन हजारांच्या आसपास माणसे मरण पावली. त्यांपैकी बहुतेक या एकाच गावातली होती.

आता याच गावाची पुढची हकिगत पाहा. ८ नोव्हेंबर २००८ रोजी, म्हणजे ७६ वर्षांना एक दिवस कमी असताना, ‘पालोमा’ हे हरिकेन याच सांता क्रूझ देल सुरजवळ किनाऱ्याला लागले. किनारा गाठण्यापूर्वी त्याचा जोर बराच कमी झाला होता. तरीही समुद्र गावात घुसला आणि अनेक घरे पडली. परंतु माणसे दगावली नाहीत. कारण ती आधीच सुरक्षित जागी गेली होती.

कोणी म्हणेल, पालोमाचा जोर कमी होता म्हणून लोक वाचले. त्याला ‘मिशेल’ या वादळाचे उदाहरण देता येईल. ४ नोव्हेंबर २००१ रोजी मिशेल चौथ्या श्रेणीचे हरिकेन म्हणून क्युबावर आदळले. १९५२ नंतर त्या देशावर आलेले ते सर्वांत जोरदार वादळ होते. हजारो घरांची नासधूस झाली. पण त्यापूर्वीच सुमारे सात लाख लोकांना हलवण्यात आले होते. क्युबात मृत्यू झाले पाच.

हे कसे साधले? क्युबा श्रीमंत देश नाही. पण तिथे दरवर्षी हंगाम सुरू होण्यापूर्वी ‘मेतेओरो’ नावाची कवायत होते. वस्तीतील म्हातारे, आजारी आणि गरोदर बाया कोण, त्यांना कोणी हलवायचे, हे आधीच ठरलेले असते. गुरेढोरे आणि घरातले सामान हलवण्याचीही तजवीज असते. हे फार महत्त्वाचे आहे. मागे राहिलेल्या बकरीची आणि भांड्याकुंड्यांची काळजी असली, तर गरीब माणूस घर सोडायला तयार होत नाही.

आणखी एक शंका निघेल. १९३२ साली उपग्रह नव्हते. आता ते आहेत, मग एवढ्या तयारीची गरज काय? याचे उत्तर २०२० सालाने दिले. त्या वर्षी अटलांटिकमध्ये नावे दिलेली ३० वादळे झाली. ३ नोव्हेंबरला ‘एटा’ हे चौथ्या श्रेणीचे हरिकेन निकाराग्वा देशाच्या किनाऱ्यावर आदळले. पडलेली घरे लोक सावरतात न सावरतात, तोच १६ नोव्हेंबरला ‘आयोटा’ आले. तेही चौथ्या श्रेणीचे. दोघांच्या जागांमध्ये अंतर फक्त सुमारे २५ किलोमीटरचे. हंगामाची जुनी तारीख कायम असती, तर आयोटा हंगाम संपल्यानंतर दुसऱ्याच दिवशी आले असते!

उपग्रहांनी ही दोन्ही वादळे आधीच पाहिली होती. तरीही एकट्या एटाने दीडशेहून अधिक बळी घेतले. त्यांतले अनेक जण किनाऱ्यापासून दूर, डोंगरात राहणारे होते. ग्वाटेमाला देशात केहा नावाच्या खेड्यावर ५ नोव्हेंबरला दरड कोसळली आणि कितीतरी लोक मातीखाली गाडले गेले. तोपर्यंत वाऱ्याचा जोर ओसरला होता; पाऊस मात्र थांबला नव्हता. उपग्रह वादळ दाखवतो; माणसाला हात धरून बाहेर काढत नाही. ते काम माणसांनीच करायचे असते.

वर्षभर ‘वादळ येणार, वादळ येणार’ असे म्हणत बसले तर लोक कंटाळतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. पण सावध राहणे म्हणजे भीत राहणे नव्हे. निवाऱ्याची किल्ली कोणाकडे आहे, रस्ता मोकळा आहे की नाही, रेडिओ चालतो की नाही, एवढे पाहायला फार खर्च लागत नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी जी तयारी असते, ती शेवटच्या दिवशीही असावी, इतकेच माझे म्हणणे आहे. समुद्र दिवसेंदिवस अधिक तापत आहेत. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मेलिसा’ हे पाचव्या श्रेणीचे हरिकेन जमैका बेटावर आदळले. त्या बेटाने इतके जोरदार वादळ पूर्वी अनुभवले नव्हते. अशा वेळी आता हंगाम सरत आला म्हणून निर्धास्त होणे परवडणारे नाही.

आपल्या कोकणालाही ही गोष्ट नवी नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले. एटा आणि आयोटा यांच्यापुढे ते अगदी लहान होते. पण पावसाळा संपला होता, मासेमारी जोरात चालू होती आणि अनेक होड्या खोल समुद्रात होत्या. त्यांवरचे कितीतरी मच्छीमार घरी परतले नाहीत.

क्युबातील त्या गावावर ७६ वर्षांनी पुन्हा समुद्र चालून आला. महिना तोच, किनाराही तोच. बदलली होती ती माणसांची तयारी. वादळ थांबवणे आपल्या हाती नाही. पण ते येण्यापूर्वी शेजारच्या म्हाताऱ्याला हात देऊन घराबाहेर काढणे नक्कीच आपल्या हाती आहे. मग तो महिना जून असो की नोव्हेंबर.