बांधावरून : मोट थांबली, मग ढोलकी



पावसानं झड धरली आहे, शेतात पाऊल ठरत नाही. तेव्हा आज खता-बियाण्याचं राहू द्या. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीविषयी बोलू.

गोष्ट गुणा कागलकर या मजुराची. कमावलेल्या अंगाचा गडी, तमाशाचा भारी नाद. फड काढायचा, राजाचा पार्ट करायचा, एवढंच डोक्यात. फड उभा राहतो, पण नाच्या व्हायला कोणी धजत नाही. शेवटी ती तालमीतली देहयष्टी उतरवून गुणाच नाच्या होतो. ढोलकी त्याला हवी होती. तिच्यापायी गेलेली अब्रू मात्र घरच्यांनाही सोसावी लागते.

२०१० साली यावर चित्रपट आला. अजय-अतुल यांची त्यातली गाणी अजून वरातीत वाजतात, तुमची पोरं त्यावर नाचतातही. पण गाण्यांच्या आधीचं एक दृश्य माझ्या जिवाला लागलं. विहिरीवर पंप बसतो आणि गुणासारख्या गड्यांची मजुरी तुटते.

माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर मोट होती. सालगडी नाड्यावर बसून बैल धावेवरून उतरवायचा, तेव्हा गाण्याची ओळ लांबवायचा. थारोळ्यात पाणी ओतलं की ओळ संपायची. बैल मागं सरताना नुसतं चुचकारणं. धाव जेवढी लांब, तेवढी त्याची तान. पुढं मोटर आली. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. येत्या पाडव्याला गड्याचं साल धरलं नाही. तो कुठं गेला, हे घरात कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

पंप वाईट, असं मी म्हणणार नाही. मोटेनं भिजून भिजून किती भिजायचं? बैलांचे खांदे सोलून निघायचे ते वेगळंच. पण नवं यंत्र गावात न्यायचं हीच माझी नोकरी. परवा ऊसतोडणी यंत्राची माहिती देत होतो. मागं बसलेल्या एका तोडकऱ्यानं विचारलं, “सायेब, मग आमी काय करायचं?” माझ्या कागदात त्याचं उत्तर नव्हतं. सभा उठल्यावर त्याच्यापाशी जाऊन बसलो. भजनात पखवाज वाजवतो म्हणाला.

गावच्या वाचनालयात ‘नटरंग’ नसेल तर मागवून घ्या. रात्री जेवणं झाली की शाळेत जाणाऱ्या लेकीला मोठ्यानं वाचायला लावा. नाच्याचा भाग आला की पोरं हसतील. हसू द्या, वाचन मात्र थांबवू नका.