चतुराला फ्रीजमध्ये ठेवू नका

चतुराचा जवळून फोटो काढायचा असेल तर आधी त्याला डब्यात घालून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, असा सल्ला हल्ली कधीमधी कानावर येतो. गारठला की हलत नाही. मग हव्या त्या फुलावर बसवा, बाटलीतून पाण्याचा फवारा मारा, की झाले दवबिंदू तयार! माझं मत स्पष्ट सांगतो. ह्याला फोटो काढणं म्हणत नाहीत, ही शोकेसमधली बाहुली मांडणं झालं.

आणि मुळात गारठवायची गरजच काय? आपल्याकडे ते काम कोजागिरीनंतरची पहाट फुकटात करून देते. छातीतले स्नायू तापल्याशिवाय चतुराला नीट उडता येत नाही. त्यामुळे दिवस उगवताना कयाधूच्या काठच्या गवतात किंवा सोयाबीनच्या धुऱ्यावर तो अंगभर दव घेऊन निमूट बसलेला सापडतो. ऊन अंगावर आलं की पंख थरथरवायला लागतो. तोवरचा वेळ आपला. बसकण मारायची, कॅमेरा पंखांना समांतर धरायचा (इतक्या जवळून जेमतेम काही मिलीमीटरच स्पष्ट येतं, बाकी सगळं धूसर), आणि आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. पँट ओली होते, ती वाळते.

दुपारी काम अवघड. त्याच्या एकेका डोळ्यात तीस हजारांपर्यंत बारीक भिंगं असतात, आपण मागून गेलो तरी त्याला कळतं. पण उडाला म्हणून मागे धावू नये. पुष्कळ जातींचे चतुर फिरून त्याच काडीवर येऊन बसतात. आपण काडीपाशी थांबायचं. रणरणत्या उन्हात काही चतुर शेपटी (खरं तर ते त्याचं पोट) सरळ सूर्याकडे उभी करून बसतात, म्हणजे अंगावर ऊन कमी पडतं. फ्रीजमधून काढलेला चतुर तुम्हाला हे करून दाखवेल का?

परवा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका पुतण्याने चतुराचा फोटो टाकला. कॅलेंडरवर छापावा असा. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी विचारलं, कुठला रे हा? तर म्हणे, "काका, तळ्यावर धरला, डब्यातून घरी आणला आणि गॅलरीतल्या गुलाबावर बसवला." तो हे वाचेलच, म्हणून नाव लिहीत नाही. पण ह्या फोटोत तळंही नाही आणि चतुराचं वागणंही नाही. उद्या कोणी त्यावरून 'गुलाबावर बसणारा चतुर' असं लिहून ठेवलं तर?

जागा आणि तारीख ह्यांना किती किंमत असते ते बघा. पावसाळा सरता सरता आपल्या शेतांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. ह्यांत 'ग्लोब स्किमर' नावाची जात असते. पावसाच्या साचलेल्या डबक्यात ती अंडी घालते आणि डबकं आटायच्या आत, दीड-दोन महिन्यांत, पिल्लं उडायला तयार होतात. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन ह्या जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की तिथे ऑक्टोबरमध्ये हे चतुर अचानक येतात. त्याने वर्षानुवर्षं तारखा टिपून ठेवल्या आणि २००९ साली मांडलं, की ते भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत. पुढे २०१२ मध्ये पंखांतल्या हायड्रोजनच्या तपासणीवरून दिसलं, की मालदीवमधले चतुर उत्तर भारत किंवा त्याही पलीकडून आलेले असावेत. एवढ्या मोठ्या गोष्टीची सुरुवात 'कुठे' आणि 'कधी' एवढ्यावरच झाली.

फ्रेझर नावाच्या लष्करी डॉक्टरने १९३३ ते १९३६ मध्ये भारतातल्या चतुरांवर तीन खंड लिहिले. तेव्हा कीटक मारून टाचून ठेवण्याला इलाज नव्हता. आज कित्येक जाती फोटोवरून ओळखता येतात. मात्र त्यासाठी वरून काढलेला देखणा फोटो पुरत नाही, छातीची बाजू, पंखांतल्या शिरा आणि शेपटीचं टोक दिसावं लागतं. असा फोटो थोडा हलला तरी 'आयनॅचरलिस्ट'वर तारीख-ठिकाणासह टाकला तर कामाचा. सह्याद्रीकडे बघणारे पुष्कळ आहेत. सिद्धेश्वरच्या धरणाकाठी, औंढ्याच्या रानात कोण बघतंय?

आणि रानातच जायला हवं असंही नाही. 'डिच ज्युएल' म्हणून एक नारिंगी चतुर आहे, तो घाण पाण्यावरही सुखाने राहतो. गावाबाहेरच्या नाल्यावर जाऊन बघा. नाकाला रुमाल लावून का होईना, पण फोटो तिथेच काढा आणि खाली नाल्याचं नाव लिहा.