तारेवरची विशेषणे

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दूरचित्रवाणी संचाच्या दुकानात जाऊन नुसते उभे राहावे. फुकटात एवढी करमणूक दुसरीकडे मिळणार नाही. संचाच्या किमतीवरून गिऱ्हाईक अर्धा अर्धा तास घासाघीस करते, पलीकडच्या दुकानातला भाव सांगते, मोबाइल काढून त्यातला भाव दाखवते, बायकोकडे पाहून उठण्याचा आविर्भाव करते, आणि अखेर दोन हजार रुपये सुटले की विजयी मुद्रेने खिशात हात घालते. नेमक्या या क्षणी विक्रेता अगदी सहज विचारतो, "आणि साहेब, केबल कुठली देऊ?"

गिऱ्हाइकाचा दारूगोळा तोवर संपलेला असतो. पन्नास हजारांचा संच घेणाऱ्या माणसाने वायरीला कद्रूपणा करणे बरे दिसत नाही, विशेषतः बायको शेजारी उभी असताना. मग काचेच्या कपाटातून एक चकचकीत खोके बाहेर येते आणि मघाशी सुटलेले दोन हजार रुपये त्या वायरीवाटे आल्या वाटेने परत जातात.

आता मराठीच्या अध्यापकाला वायरींतले काय कळते, असे कुणी म्हणेल. या सदरातून मी एरवी शब्दांविषयी लिहितो, आणि आजही शब्दांविषयीच लिहिणार आहे. कारण त्या खोक्यात तांबे असते अडीच-तीन तोळे आणि बाकी सगळी विशेषणे असतात. परवा एका खोक्यावरची मी मुद्दाम मोजली. अतिशुद्ध, सुवर्णमंडित, अतिवेगवान, त्रिमितीय, चित्रपटगृहासारखी, व्यावसायिक दर्जाची, अशी एकूण अकरा भरली. वर्गात निबंध तपासताना मी मुलांना सांगतो, आधी विशेषणे खोडा आणि मग वाक्यात काय उरते ते पाहा. त्या खोक्यावर पेन्सिल चालवली असती तर 'वायर' एवढाच शब्द उरला असता.

मुळात 'केबल' या शब्दानेच आपल्याकडे घोटाळा करून ठेवला आहे. आपल्या घरांत केबल हा आधी माणूस आहे. "केबल आली" म्हणजे महिन्याचे पैसे मागणारा दारात उभा राहिला, आणि "केबल गेली" म्हणजे ऐन सामन्यात चित्र गेले. गच्चीवरून किंवा खांबावरून घरात येणारी ती जाड काळी वायर वेगळी. ती डब्यापर्यंत येते. डबा म्हणजे सेट टॉप बॉक्स. त्या डब्यापासून संचापर्यंतची जी हातभर वायर, तिच्याविषयी हा सगळा प्रपंच चालला आहे.

ही हातभर वायर दोन जातींची असते, आणि त्या दोन जातींतला फरक ज्याला कळला त्याला कुठलाही विक्रेता फसवू शकत नाही.

जुनी जात तीन रंगांची. पिवळी चित्राची, तांबडी उजव्या कानाची, पांढरी डाव्या कानाची. दुकानात तिला 'एव्ही पिन' म्हणतात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ साली देशातल्या पडद्यावर रंग आले. त्या काळच्या ६२५ रेघांच्या चित्रासाठी ही पिवळी वायर पुरेशी होती. त्यांतल्या दिसणाऱ्या रेघा ५७६. ती चित्र वाहून नेते ते लहरींच्या रूपाने, आणि उजेड व रंग दोन्ही एकाच तारेत कोंबून. हा कारभार जुन्या पोथीच्या नकलेसारखा आहे. लेखकाचा हात थोडा हलला की अक्षर बदलते, आणि पुढचा नक्कल करणारा ते बदललेले अक्षरच प्रमाण मानून उतरवतो. ज्ञानेश्वरीचे पाठ असे इतके बिघडले, की शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांना ती शुद्ध करायला बसावे लागले. पिवळ्या वायरीतल्या चित्राला असा एकनाथ मिळत नाही. म्हणून वृत्तनिवेदिका बारीक रेघांची साडी नेसून आली की त्या रेघांवर नसलेल्या रंगांच्या लाटा खेळू लागतात. या जातीत जाड, चांगली गुंडाळलेली, चोख जोडाची वायर घेतली तर चित्रात खरेच फरक पडत असे. "वायर भारी तर चित्र भारी" ही समजूत त्या काळातली, आणि त्या काळी ती खोटी नव्हती.

नवी जात एचडीएमआयची. सोनी, फिलिप्स, तोशिबा, हिताची वगैरे सात कंपन्यांनी मिळून डिसेंबर २००२ मध्ये तिची पहिली संहिता प्रसिद्ध केली. एका चपट्या तोंडात एकोणीस पिना, आणि चित्र व आवाज दोन्ही एकाच वायरीतून. हिच्यातून लहरी जात नाहीत, आकडे जातात. एक आणि शून्य, एवढेच. ही पोथीची नक्कल नव्हे, ही तार आहे. २०१३ साली सरकारने बंद केली ती तार ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटकन पटेल. तारमास्तरला कडकट्ट ऐकू आले की तो अक्षर लिहून घेई. 'आई अत्यवस्थ, लगेच या' हा मजकूर जुनाट तारेतून आला काय किंवा नव्या कोऱ्या तारेतून आला काय, टिंब आणि रेघ वेगळी ओळखू आली की मजकूर तोच. तार चांदीची असती म्हणून आईची प्रकृती काही सुधारली नसती.

वायरच कमकुवत असेल, फार लांब असेल, तर काही टिंबे गळतात. मग पडद्यावर पांढरे ठिपके चमचमतात, चित्र क्षणभर काळे होते, आवाज तुटतो, किंवा काहीच दिसत नाही. हे दोष डोळ्यांत खुपणारे असतात. "चित्र दिसते, पण जरा फिके दिसते, रंगांत गोडवा नाही" असला दोष आकड्यांच्या वायरीत नसतो. म्हणूनच "या केबलने रंग खुलतील" असे विक्रेता म्हणाला की तो वायरीविषयी बोलत नसून जुन्या पिवळ्या वायरीच्या पुण्याईवर जगतो आहे, असे खुशाल समजावे. आणि ते सोने? सोने गंजत नाही. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत पिनेच्या टोकाला त्याचा मुलामा असणे बरे. पण तो साध्या वायरींनाही बहुधा असतोच, आणि त्याचे काम गंज रोखण्यापलीकडे नाही.

हे सारे मी इतक्या आवेशाने लिहितो आहे त्याला आमच्या शेजारच्या काकू कारण आहेत.

काकूंचे वय एकाहत्तर. गेल्या वर्षी मुलाने त्रेचाळीस इंची संच घेऊन दिला, डबाही एचडीचा घेतला, आणि एचडी वाहिन्यांचे जास्तीचे पैसे दरमहा अण्णा निमूट भरू लागले. पण काकू पहिल्या दिवसापासून म्हणत, "अक्षरं फुटतात हो. खालची पट्टी वाचता येत नाही." सगळ्यांनी निष्कर्ष काढला, मोतीबिंदू. सुनेने चष्मा बदलून आणला. अण्णा म्हणाले, "आता वयच झालं." पुढे पुढे काकू सकाळच्या बातम्या लावीनाशा झाल्या. दिसत नाही ते कशाला पाहायचे, असे म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बसू लागल्या. डोळ्यांच्या दवाखान्यात चौकशी झाली, शस्त्रक्रियेच्या खर्चाचे बोलणे झाले. तशात अण्णांना कुणीतरी भारी केबलचे सुचवले. दुकानदाराने अठ्ठावीसशे रुपयांची एक दाखवली आणि चित्र आरशासारखे होईल म्हणून हवाला दिला. अण्णा जन्मभर कोर्टात कारकून. कागद वाचल्याशिवाय सही न करणारे. खोक्याचा फोटो घेऊन ते माझ्याकडे आले.

"प्राध्यापक, हे जरा वाचून सांगा. इंग्रजी आहे, पण अर्थ लागत नाही."

"अर्थ नाहीच आहे अण्णा, लागेल कसा? आधी तुमच्या संचामागे काय जोडलंय ते बघू."

संचामागे बॅटरी धरली, तर तिथे ती तीन रंगांची वायर! डबा बसवायला आलेल्या पोराच्या पिशवीत तीच होती. त्याने ती खोचली, चित्र आले, तो गेला. एचडीचा डबा, एचडीचा संच, एचडीचे दरमहाचे पैसे, आणि मधल्या हातभर वाटेत ५७६ रेघांची पिवळी वायर. डब्याबरोबर आलेली एचडीएमआय वायर प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढता कपाटात पडून होती. ती जोडली. संचावर 'एव्ही' होते तिथे 'एचडीएमआय १' केले. डब्याच्या यादीत जाऊन चित्राचा आकार पाहिला, तर तिथेही ५७६ च होते. ते १०८० केले. खर्च शून्य.

काकूंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, उभ्यानेच पडद्याकडे पाहू लागल्या आणि खालची पट्टी मोठ्याने वाचू लागल्या. लासलगावचे कांद्याचे भाव, मग कुठल्याशा घाटातली वाहतूक, मग जाहिरातीतल्या बारीक अक्षरातल्या अटी. तीन-चार मिनिटे कुणी बोलले नाही. मग त्या अण्णांकडे वळल्या. "आठ महिने मी सांगत होते. माझे डोळे तपासलेत, चष्मा तपासलात. वायर कुणी तपासली नाही."

डोळे नंतर दाखवले ते दाखवलेच, आणि ते योग्यच झाले. मोतीबिंदू आहे, पण घाई नाही, असे डॉक्टर म्हणाले.

मला मात्र राहून राहून वेगळेच वाटते. अण्णांनी ती अठ्ठावीसशेची वायर घेतली असती तरी चित्र असेच स्वच्छ झाले असते! पिवळीच्या जागी कुठलीही एचडीएमआय आली असती तरी झालेच असते. पण श्रेय सोन्याला गेले असते, आणि अण्णांसारखा सचोटीचा माणूस पुढे दहा वर्षे लग्नामुंजींत सांगत फिरला असता, "पैसे गेले, पण माझ्या डोळ्यांनी फरक पाहिला." विशेषणांना साक्षीदार मिळतात ते असे. ते खोटे बोलत नाहीत, म्हणून तर त्यांच्यावर विश्वास बसतो.

मग दुकानात वाचायचे काय? आकडे. डब्यातून येणारे एचडी चित्र आपल्याकडे बहुधा १०८० रेघांचे, एकाआड एक रेघ पाठवणारे असते; त्याला सेकंदाला सुमारे २२३ कोटी आकडे लागतात, आणि तेवढे अगदी साधी एचडीएमआय वायरही नेते. 'हाय स्पीड' नावाची वायर सेकंदाला १०२० कोटी नेते, 'प्रीमियम हाय स्पीड' १८०० कोटी, 'अल्ट्रा हाय स्पीड' ४८०० कोटी. ही नावेही विशेषणेच आहेत हे मला मान्य आहे, आणि ज्यांनी ती ठेवली त्यांना मी काठावर पास केले असते. पण निदान यांच्यामागे आकडा उभा आहे. ४के चित्र सेकंदाला साठ वेळा पाठवणारे यंत्र घरात असेल तर मधली घ्यावी. मुलगा खेळाचे यंत्र आणून १२० वेळांच्या गोष्टी बोलू लागला, तरच शेवटची. या शेवटच्या दोहोंच्या वेष्टनावर मोबाइलने तपासण्याजोगे प्रमाणपत्राचे लेबल असते. पैसे देण्याआधी तपासावे. दुकानदाराचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होतो. 'अल्ट्रा एचडी' असे लिहिलेले खोके म्हणजे 'अल्ट्रा हाय स्पीड' नव्हे, हे विसरू नये. पहिले नाव चित्राचे आहे, वायरीचे नव्हे. आणि संचातच असलेल्या ॲपवर इंटरनेटवरून सिनेमा पाहणाऱ्याला चित्रासाठी यांतली एकही वायर लागत नाही.

लांबी गरजेपुरतीच घ्यावी. दोन मीटरची जागा असताना "असू द्या जास्तीची" म्हणून दहा मीटर घेणे ही आपली जुनी खोड. साडीच्या बाबतीत ती चालते. पाच मीटरच्या पुढे ४के न्यायचे असेल तर काचतंतूची वायर बरी, मात्र तिला दिशा असते. एका टोकावर यंत्राची खूण, दुसऱ्यावर पडद्याची, आणि उलटी लावली तर अंधार. भिंतीतून वायर नेणाऱ्यांनी वायर न पुरता नळी पुरावी, म्हणजे पुढे वायर बदलता येईल. वेगळा ध्वनिवर्धक जोडायचा असेल तर संचामागच्या ज्या तोंडाशी 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिले आहे तिथेच जोडावा.

२०२५ साली या मंडळींनी 'अल्ट्रा ९६' या नव्या वायरीची संहिता काढली. सेकंदाला ९६०० कोटी आकडे. नावातच आकडा आला याचा मला आनंद झाला, तरी पुढे 'अल्ट्रा' चिकटलेले आहेच. आमच्या पेठेतल्या दुकानात ती आली की विक्रेता ती काचेच्या कपाटातून काढून मला दाखवील. तेव्हा मी त्याला एवढेच विचारणार आहे, की बाबा रे, माझ्या घरी एवढे आकडे पाठवणारे यंत्र कुठले?